वाचकांचे प्रश्न : ‘नेट जाते’ या एका तक्रारीतले तीन बिघाड

प्रश्न : महोदय, आमची माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा चोपडा तालुक्यात आहे. संगणक कक्षात २६ संगणक असून त्यांपैकी २० संगणक २४ पोर्टच्या स्विचला (केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीला) आणि मागच्या रांगेतील ६ संगणक ८ पोर्टच्या लहान स्विचला जोडलेले आहेत. राऊटर मुख्याध्यापकांच्या दालनात आहे आणि त्याचे वायफाय शिक्षक-शिक्षकेतर मिळून ३५ जण आपापल्या मोबाइलवर वापरतात. या वर्षी शाळा सुरू झाल्यापासून कक्षातले नेट अधूनमधून जाते. कधी चार-पाच संगणकांवर सुरू केल्यापासूनच नेट नसते आणि काही वेळाने आपोआप येते. असे संगणक रोज वेगळे असतात आणि सोमवारी त्यांची संख्या वाढते. कधी सगळ्या कक्षाचेच नेट दोन-तीन मिनिटे जाते. संगणक यूपीएसवर असल्यामुळे ते मात्र चालूच राहतात. मागच्या रांगेतील एका संगणकाचे नेट केबल हलवली की येते आणि बाक हलला की जाते. राऊटर बंद करून पुन्हा चालू केला की बहुतेक वेळा काम भागते. सेवा देणाऱ्यांनी राऊटर बदलून दिला, पण दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. लाइन व्यवस्थित आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची ऑनलाइन परीक्षा याच कक्षात व्हायची असल्याने काळजी वाटते. दोष नेमका कुठे आहे, हे कसे शोधावे?
— एक शिक्षक, चोपडा तालुका, जि. जळगाव

उत्तर : आपण पत्रात दिलेला तपशील इतका नेटका आहे की निम्मे निदान त्यातच झाले आहे. आपल्या कक्षात एक बिघाड नसून तीन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि तिघांचेही बाहेर दिसणारे रूप ‘नेट गेले’ हे एकच असल्यामुळे आजवर एकाच औषधाचा, म्हणजे राऊटर बदलण्याचा, प्रयोग झाला. अधूनमधून उद्भवणारा दोष तपासायला माणूस येतो तेव्हा नेमका दिसत नाही, म्हणून तो लहरी वाटतो. प्रत्यक्षात तो ठरावीक परिस्थितीतच उद्भवतो आणि ती परिस्थिती तीन प्रश्नांनी पकडता येते : नेट किती संगणकांचे गेले, कोणत्या वेळी गेले आणि किती वेळाने परत आले.

या तीन प्रश्नांच्या उत्तरांसाठी कक्षात एक वही ठेवावी. तारीख, वेळ, संगणकाचा क्रमांक, त्या क्षणी वीज लुकलुकली होती का आणि नेट परत कसे आले, एवढे पाच रकाने पुरेत. प्रत्येक संगणकाला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक त्याच्या केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर लिहून लावावा. हे काम अकरावीची मुले आनंदाने करतात, आणि एखाद्या विषयाच्या प्रात्यक्षिकातून जेवढे नेटवर्क शिकता येते त्याहून अधिक ती या वहीतून शिकतात, असे माझे ठाम मत आहे. वही भरत असताना आठवडाभर कोणतीही सेटिंग बदलू नये. एकाच दिवशी केबल बदलली, राऊटर हलवला आणि विंडोज नव्याने टाकले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता पहिल्या बिघाडाकडे येऊ : रोज वेगळे चार-पाच संगणक, सुरू केल्यापासूनच नेट नाही, काही वेळाने आपोआप येते, सोमवारी अधिक. अशा संगणकावर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्यावी आणि आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यात त्या संगणकाची ओळख असलेला क्रमांक, पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाने राऊटरकडे पत्ता मागितला आणि त्याला तो मिळाला नाही, असा त्याचा अर्थ आहे. पत्ता न मिळाल्यास विंडोज स्वतःच या मालिकेतला एक पत्ता लावून घेते आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा मागणी करून पाहते. आपल्याकडे नेट ‘आपोआप’ येते ते बहुधा याच फेरमागणीला यश आल्यामुळे.

पत्ता का मिळत नाही, याचे उत्तर बहुधा साध्या बेरजेत सापडेल. राऊटर जे पत्ते वाटतो त्यांचा साठा मर्यादित असतो. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकून (तो बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) डीएचसीपीचे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सोयीचे, पान उघडावे. तिथे समजा पहिला पत्ता १०० आणि शेवटचा १४९ असा असेल, तर वाटायला एकूण ५० पत्ते आहेत. आपल्याकडे कक्षातले २६ संगणक आणि ३५ मोबाइल मिळून ६१ मागणीदार झाले; कार्यालयातले संगणक आणि प्रिंटर त्यात अजून धरलेलेच नाहीत. शिवाय एकदा दिलेला पत्ता ठरावीक मुदतीसाठी त्या उपकरणाच्या नावावर राहतो. मुदत २४ तासांची असेल, तर सकाळी पाच मिनिटांसाठी शाळेत येऊन गेलेल्या पालकाचा मोबाइलदेखील दुसऱ्या दिवसापर्यंत एक पत्ता अडवून ठेवतो.

सोमवारचे कोडेही यातूनच सुटते. शनिवारी मिळालेल्या पत्त्यांची मुदत रविवारी संपते. सोमवारी प्रार्थनेच्या वेळेपर्यंत सगळ्या शिक्षकांचे मोबाइल वायफायला जोडले जाऊन पत्ते घेऊन बसतात आणि कक्षातले संगणक त्यानंतर सुरू होतात, त्यामुळे शेवटी सुरू होणाऱ्या चार-पाच संगणकांच्या वाट्याला काही उरत नाही. राऊटर बदलल्यावर दोन दिवस बरे का गेले, तर नव्या राऊटरची दिलेल्या पत्त्यांची यादीच कोरी होती. सगळ्यांचे मोबाइल नव्या पासवर्डने जोडले जाईपर्यंत साठा पुरला आणि मग तो पुन्हा संपला.

यावर उपाय खर्चाचा नाही. साठा वाढवून २० ते २५० असा करावा, म्हणजे २३१ पत्ते होतील. मुदत २४ तासांवरून चार तासांवर आणावी. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळ्या वायफायची सोय असेल, तर सगळे मोबाइल तिकडे वळवावेत. कक्षातल्या २६ संगणकांना मात्र त्यांच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकानुसार राऊटरमध्येच पत्ते राखून ठेवावेत. ही राखीव नोंद एकदा करायला अर्धा-पाऊण तास जातो, परंतु त्यानंतर संगणक क्रमांक ७ ला कायम एकच पत्ता मिळतो आणि पुढचा कोणताही दोष शोधणे फार सोपे होते.

इथे राऊटर ‘बंद-चालू’ करण्याच्या सवयीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. अनेक साधे राऊटर कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी वीज गेल्यावर विसरतात. बंद-चालू केल्यावर साठा मोकळा दिसतो म्हणून तात्पुरते काम भागते. पण जे संगणक जुना पत्ता वापरत चालूच आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याचा पत्ता दुसऱ्याला दिला जाण्याचा संभव असतो आणि मग दोघांचेही नेट तुटक चालते. शिवाय बंद-चालू केल्याने पुरावाच पुसला जातो. म्हणून नेट गेल्यावर आधी त्या संगणकाचा पत्ता पाहून वहीत लिहावा आणि मगच राऊटरला हात लावावा.

दुसरा बिघाड म्हणजे संपूर्ण कक्षाचे नेट दोन-तीन मिनिटे जाणे. यासाठी नेट जाईल त्या क्षणी एका विद्यार्थ्याने स्विचच्या दिव्यांकडे पाहणे हीच सर्वोत्तम चाचणी आहे. स्विचच्या सगळ्या पोर्टचे दिवे एकदम विझून पुन्हा एकदम लागले, तर स्विच स्वतः बंद पडून सुरू झाला. एकाच पोर्टचा दिवा विझला, तर दोष त्या केबलीत किंवा त्या संगणकात आहे. सगळे दिवे नेहमीसारखे लुकलुकत असूनही नेट नसेल, तर दोष स्विचच्या पलीकडे, राऊटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये शोधावा.

आपल्या पत्रातील ‘संगणक यूपीएसवर असल्यामुळे चालूच राहतात’ हे वाक्य माझ्या मते या बिघाडाची किल्ली आहे. स्विच आणि राऊटर यांचे अडॅप्टर कोणत्या सॉकेटला आहेत, ते कृपया पाहावे. शाळांमध्ये संगणकांसाठी यूपीएसची वायरिंग केली जाते, परंतु स्विच नंतर केव्हातरी भिंतीवर बसवला जातो आणि त्याचा अडॅप्टर जवळच्या साध्या बोर्डात खोचला जातो. राऊटर तर दुसऱ्याच खोलीत असतो. गावच्या डीपीवर भार वाढला, विजेचा दाब क्षणभर घसरला किंवा इन्व्हर्टर बदलीवर आला की यूपीएसवरच्या संगणकांना काहीच जाणवत नाही. स्विच आणि राऊटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतात. स्विच काही सेकंदांत उभा राहतो, पण राऊटरला आणि फायबरच्या पेटीला बाहेरच्या यंत्रणेशी पुन्हा संधान बांधायला एक ते तीन मिनिटे लागतात. आपली दोन-तीन मिनिटे बहुधा हीच आहेत. वहीतला विजेचा रकाना हे ठरवील. स्विच, राऊटर आणि फायबरची पेटी ही तिन्ही उपकरणे यूपीएसच्या लाइनवर घ्यावीत; तिन्ही मिळून एखाद्या बल्बएवढीच वीज घेतात, त्यामुळे यूपीएसवर भार पडत नाही.

अडॅप्टरही तपासावा. तो हाताला चटका देण्याइतका तापत असेल, त्यातून बारीक गुणगुण ऐकू येत असेल किंवा त्याची पिन स्विचमध्ये सैल बसत असेल, तर त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा त्याहून अधिक अँपिअरचा नवा अडॅप्टर लावावा. स्विच कुठे बसवला आहे, हेही आपल्या भागात महत्त्वाचे आहे. घरगुती आणि लहान कार्यालयांसाठीच्या बहुतेक स्विचवर चालण्याचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे छापलेले असते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छताखाली, कपाटाच्या माथ्यावर ठेवलेल्या स्विचभोवतीची हवा त्याहून गरम असते. अशा जागी तो दुपारी अडखळला तर नवल नाही. स्विच छातीच्या उंचीवर, भिंतीला टेकवून न ठेवता थोडे अंतर राखून बसवावा आणि त्याच्या जाळ्यांवर बसलेली काळ्या मातीची धूळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडावी.

तिसरा बिघाड सर्वांत सोपा असून सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. बाक हलला की नेट जाते, याचा अर्थ केबलच्या टोकाचा कनेक्टर नीट बसवलेला नाही. आरजे-४५ कनेक्टर डोळ्यांजवळ धरून उजेडात पाहावा. आतल्या आठही तारा पारदर्शक प्लास्टिकच्या पुढच्या टोकापर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत आणि केबलचे बाहेरचे निळे किंवा करडे आवरण कनेक्टरच्या आत, मागच्या खाचेच्या खाली दाबले गेलेले असले पाहिजे. अनेक ठिकाणी आवरण कनेक्टरच्या बाहेरच संपते आणि बारीक रंगीत तारा उघड्या दिसतात. मग केबलला बसणारा प्रत्येक हिसका थेट त्या तारांवर येतो आणि पितळी पात्यांखालची पकड हळूहळू सैल होते. असा कनेक्टर दाबून बसवण्याच्या भानगडीत न पडता कापून टाकावा आणि नवा लावावा. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा असावा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ कनेक्टरजवळ अर्ध्या इंचाहून अधिक उकलू नये, कारण तारांना बाहेरच्या विद्युत गोंधळापासून तो पीळच वाचवतो.

लॅन टेस्टरवर आठही दिवे लागले म्हणून केबल चांगली आहे, असे समजू नये. टेस्टर फक्त त्या क्षणी तार जोडलेली आहे की नाही एवढेच सांगतो. टेस्टर लावलेला असताना दोन्ही टोकांजवळ केबल हलवावी, वाकवावी. तेव्हा एखादा दिवा विझला तर दोष सापडला. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या स्टेटसच्या खिडकीत वेग पाहणे ही दुसरी चांगली परीक्षा आहे. कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) असूनही एखादा संगणक १०० एमबीपीएस दाखवत असेल, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीवर संशय घ्यावा. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की नेट पूर्ण न जाता वेग खाली येतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

नवी केबल घेताना एक खबरदारी घ्यावी. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. आतली एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी चकाकी दिसली तर ती घेऊ नये. ती ठिसूळ असते, वाकवल्यावर आत तुटते आणि तुटलेली टोके कधी टेकतात, कधी सुटतात. अधूनमधून जाणारे नेट हवे असेल तर यासारखी दुसरी केबल नाही. स्विचपासून संगणकापर्यंत एकूण लांबी १०० मीटरच्या आत असावी, पण एका खोलीत हा प्रश्न सहसा येत नाही.

हे सगळे झाल्यावरही काही शिल्लक राहिले, तर दोष घरातला की बाहेरचा हे ठरवण्यासाठी एका संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडाव्यात. एकीत राऊटरच्या पत्त्याला आणि दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग (उत्तर मागणारा छोटा निरोप पुन्हा पुन्हा पाठवणारी आज्ञा) लावून ठेवावे. पत्त्यानंतर जागा सोडून उणे चिन्ह आणि टी हे अक्षर दिले की पिंग थांबवेपर्यंत चालू राहते. नेट गेले त्या वेळी राऊटरकडून उत्तरे येत आहेत आणि बाहेरून येत नाहीत, असे दिसले तर दोष सेवा देणाऱ्यांच्या बाजूचा किंवा राऊटरचा आहे; त्या पडद्याचे वेळेसह छायाचित्र काढून त्यांना दाखवावे. अशा पुराव्यापुढे ‘लाइन ठीक आहे’ एवढ्यावर तक्रार बंद करणे त्यांना अवघड जाते. दोन्हीकडची उत्तरे एकदम थांबली, तर दोष शाळेच्या आत आहे. दोन्हीकडून उत्तरे येत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे आणि राऊटरमध्ये तिचा पत्ता बदलून पाहावा.

पिंगच्या उत्तरातले शब्दही वाचावेत. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे निरोप गेला, पण ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही. आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे आले, तर आपल्याच जाळ्यात राऊटर सापडलेला नाही. ‘जनरल फेल्युअर’ आले, तर निरोप संगणकाच्या बाहेरच पडला नाही. तेव्हा केबल आणि कार्ड पाहावे. कार्डाच्या बाबतीत डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते, तिची खूण काढून टाकावी.

परीक्षेच्या आठवड्यात स्विचची रिकामी पोर्ट चिकटपट्टीने बंद करावीत. कोणी सुटे टोक उचलून रिकाम्या पोर्टमध्ये घातले आणि त्या केबलचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये असले, तर निरोप गोल फिरत राहतात आणि काही सेकंदांत सगळा कक्ष ठप्प होतो. त्या वेळी सगळे दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकताना दिसतात. विंडोजचे अपडेट आधीच्या आठवड्यात उरकून परीक्षेपुरते थांबवावेत, कारण २६ संगणकांनी एकाच वेळी अपडेट उतरवायला घेतले तर कोणतीही लाइन पुरणार नाही. आणि परीक्षेच्या दिवशी मोबाइलचे वायफाय बंद ठेवण्याची विनंती सहकाऱ्यांना करावी.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत दोन संगणक असे आहेत की एकाचे नेट सुरू असले की दुसऱ्याचे जाते. पडद्यावर पत्त्याचा संघर्ष असल्याची सूचना येते. सर्व संगणकांवर एकाच डिस्कवरून नक्कल करून विंडोज टाकले होते. याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, तळोदा तालुका, जि. नंदुरबार

उत्तर : संबंध नक्की आहे. मूळ डिस्कवर आयपी पत्ता हाताने भरलेला असणार आणि नकलेबरोबर तोही प्रत्येक संगणकावर गेला असणार. इतर संगणकांवर तो कोणीतरी बदलला आणि हे दोन राहून गेले. दोन्हींवर पत्ता आपोआप मिळवण्याचा पर्याय निवडावा आणि संगणकाचे नावही प्रत्येकाचे वेगळे करावे. सूचना तरीही येत राहिली, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत ४१९९ क्रमांकाची नोंद शोधावी. त्या नोंदीत भांडणाऱ्या दुसऱ्या उपकरणाच्या कार्डाचा क्रमांक दिलेला असतो, आणि तो संगणकाचा नसून प्रिंटरचा किंवा कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा निघाला तर चकित होऊ नये. अशा उपकरणांना हाताने दिलेले पत्ते राऊटरच्या वाटपाच्या साठ्याबाहेरचेच असले पाहिजेत.

प्रश्न : कक्षातील संगणकांची सेटिंग दुरुस्त केली की त्या दिवशी नेट चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दोष परत दिसतो. असे का व्हावे?
— एक प्रयोगशाळा सहायक, शिरपूर

उत्तर : मुलांनी केलेले बदल पुसले जावेत म्हणून संगणक दर वेळी मूळ स्थितीत आणणारे सॉफ्टवेअर अनेक शाळांत टाकलेले असते. आपली दुरुस्तीही त्याच्या दृष्टीने एक बदलच असल्यामुळे संगणक पुन्हा सुरू होताच ती पुसली जाते. त्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून संगणक आधी मोकळा करून घ्यावा, दुरुस्ती करावी, दोनदा पुन्हा सुरू करून खात्री करावी आणि मग तो पुन्हा बंदिस्त करावा.

प्रश्न : केबलींच्या कटकटीपेक्षा सर्व ३० संगणक वायफायवर नेले तर?
— एक मुख्याध्यापक, साक्री तालुका, जि. धुळे

उत्तर : नेऊ नयेत. केबलीत प्रत्येक संगणकाला स्विचपर्यंतचा स्वतःचा मार्ग असतो, तर वायफायवर तीसही संगणक एकाच हवेत पाळीपाळीने बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारी १, ६ आणि ११ अशी तीनच चॅनेल आहेत आणि आसपासच्या घरांतले राऊटरही तीच वापरतात. आपल्याला आज जो दोष केबल हलवून पकडता येतो, तो वायफायवर डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. वर्षानुवर्षे जागेवर उभ्या राहणाऱ्या संगणकाला केबलच योग्य.

प्रश्न : कार्यालयाच्या इमारतीतून संगणक कक्षाच्या इमारतीत सुमारे ६० मीटर केबल उघड्यावरून नेली आहे. वळवाच्या पावसात गडगडाट झाला की त्यानंतर नेट तुटक चालते आणि दोन वर्षांत स्विचची बरीच पोर्ट निकामी झाली. केबल जाड घेतली तर उपयोग होईल का?
— एक वाचक, यावल तालुका, जि. जळगाव

उत्तर : जाड केबलने उपयोग होणार नाही, कारण अडचण केबलच्या गुणवत्तेची नसून ती तांब्याची असण्याची आहे. दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते. जवळपास वीज पडली की त्या दोन अर्थिंगमधला विजेचा दाब क्षणभर खूप वेगळा होतो आणि तो फरक भरून काढायला प्रवाह आपल्या केबलीतूनच धावतो. वीज थेट शाळेवर पडण्याची गरज नसते. प्रत्येक धक्क्यात पोर्ट मरतेच असे नाही. काही पोर्ट अर्धवट जायबंदी होऊन पुढे महिनोन् महिने तुटक चालतात आणि आपण केबली बदलत बसतो. म्हणून ज्या पोर्टवर त्या लांब केबलचे टोक होते ते, दिवा लागत असला तरी, वापरातून काढून टाकावे.

दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (विजेच्या संदेशाचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी पेटी) लावला की काम होते, आणि ६० मीटरसाठी हा खर्च एक-दोन स्विच बदलण्याच्या खर्चाहून फार अधिक येत नाही. एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात. दोन्ही टोकांना ए लावले तर विजेचे दिवे लागतील, पण संपर्क होणार नाही. फायबर घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. खांबांवरून ओढण्याच्या फायबरला आधारासाठी बहुधा पोलादी तार जोडलेली असते. ती तार इमारतीत शिरण्याआधीच सोलून वेगळी करावी आणि बाहेरच्या हुकाला बांधावी, कन्व्हर्टरच्या पेटीपर्यंत आणू नये. शक्य असेल तर धातू अजिबात नसलेली फायबरच मागावी. जुनी तांब्याची केबल ‘असू द्यावी, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून दोन्ही टोकांना खोचून ठेवू नये. ती दोन्ही बाजूंनी काढून गुंडाळून ठेवावी, नाहीतर फायबर टाकूनही पुढच्या वळवात धक्का त्याच मार्गाने आत येईल.